तापलेली चाकं

"पंप बराबर, नोझल बराबर, फिल्टर तर माझ्या हातानं धुतलं," भुजंग मिस्त्री चिंधीला हात पुसत म्हणाला. "मी एकट्यानं नेली की घोड्यावाणी पळती. बद्रीनाथ बसला की म्हातारी होती. चढाला ओढत न्हाई, डिझेल मात्र घटाघटा पिती. अन् फेरीवरून आली की चाकाला हात ठेववत न्हाई, अशी तापलेली. ब्रेक दोनदा ढिले केले मी."

वडीगोद्रीच्या गॅरेजसमोरच्या लिंबाखाली साळूबाई उभी होती. मिस्त्रीने स्टूल दिलं होतं, पण तिचं बूड टेकत नव्हतं. दोनदा बसून ती दोनदा उठली. नवऱ्यामागे हाती उरली होती ती एवढी एक डिझेलची जीप. तिच्या अंबडच्या फेऱ्या चालल्या तर घरची चूल चालायची.

"यात कोडं कसलं?" तिचा दीर सर्जेराव म्हणाला. "गाडी मुद्दाम हळू चालवायची, म्हंजी इंजिनातच खोट हाय असं वाटावं, अन् डिझेल परस्पर इकायचं. वैनी, ज्याच्या हातून माझा भाऊ गेला त्याच्याच हाती चाक दिलंत तुम्ही. आता तरी किल्ली माझ्याकडं द्या."

ड्रायव्हर बद्रीनाथ बॉनेटला टेकून उभा होता. मान वर न करता तो म्हणाला, "आक्का, थेंब इकला न्हाई मी. गाडीच ओढून न्हाई राह्यली."

"मी बसते गाडीत," साळूबाई म्हणाली.

"तुम्हाला काय कळतंय इंजिनातलं?"

"इंजिन मिस्त्रीनं पाह्यलंय. मी माणूस बघते. तुम्ही मागं बसा, भावजी."

नवरा गेल्यापासून तिने या जीपमध्ये पाय ठेवला नव्हता. पुढची डावी सीट त्याची. पदर सावरून ती तिथे बसली आणि समोरच्या दांडीला हात घट्ट धरला.

जीप अंबडच्या रस्त्याला लागली. इंजिन कण्हत होतं, धूर काळा निघत होता, आणि बाजूने सायकलवाला पुढे जातो की काय असं वाटत होतं. साळूबाई बद्रीनाथकडे टक लावून बघत राहिली. कपाळाला घाम, ओठ कोरडे. चोराची नजर पळते. याची रस्त्याला खिळली होती. लुगड्याचा सोगा पायाखाली आला म्हणून ती वाकली, तेव्हा तिला दिसलं. उजव्या पायाने तो वेग देत होता आणि डावा पाय मधल्या पायडलवर दाबून ठेवला होता. इतकी वर्षं नवऱ्यासोबत हिंडून तिला ठाऊक होतं, तो ब्रेक. डाव्या पायाचं तिथे काही काम नसतं.

"बद्री," ती हळू म्हणाली, "त्यो पाय कशाला ठिवला तिथं?"

बद्रीनाथने खाली पाहिलं. दुसऱ्या कुणाचा पाय पाहावा तसं.

"कवा ठिवला म्या?" तो म्हणाला. "त्या दिशी ब्रेकवर पाय उशिरा पडला व्हता, आक्का."

"काढ."

त्याने पाय मागे घेतला. जीपने एक हिसका दिला आणि दावं तुटलेल्या खोंडासारखी ती सुटली. धूर मावळला. वारा साळूबाईच्या कानात शिरला.

"आत्ता कशी पळाली," मागून सर्जेराव म्हणाला. "मालकीण शेजारी बसली की पळती. बघा नाटकं."

पुढे पुलाचं वळण आलं. गेल्या साली, नवरा गेला त्या रात्री, इथेच कडब्याची बैलगाडी अंधारात आडवी उभी होती. आज भर दुपारी तशीच एक गाडी समोरून झुलत येत होती. बद्रीनाथने हॉर्न दिला, नीट उजव्या पायाने वेग उतरवला आणि अंग चोरून जीप बाजूने काढली. त्याचा डावा पाय खालच्या पत्र्यावर नुसता थरथरत होता, पण जागचा हलला नाही. कडब्याचे धांडे टपावर घासून गेले. जीप पुन्हा वेगात आली.

"मंग?" सर्जेराव पुढे वाकला. "सापडला का चोर?"

"चोर न्हाई कुणी," साळूबाई म्हणाली. "उद्याची फेरी बद्रीनाथच नेईल."

"अन् डिझेल कुठं जातंय मंग?"

साळूबाईने खाली पाहिलं. तिच्या बाजूला ना ब्रेक होता ना काही, होता तो नुसता पत्रा. त्या पत्र्यावर तिचा उजवा पाय सगळा जोर लावून रुतला होता. बोटं पांढरी पडली होती. पूल केव्हाच मागे गेला होता, तरी तो पाय तिला उचलता येत नव्हता.