धर्मशाळा चाळीस मीटर खाली

सुई सव्वीसशे ऐंशीवर होती. तीन दिवसांपूर्वी चार देवळांच्या यात्रेतल्या तिसऱ्या देवळाचं दर्शन घेऊन ते तिघं या धर्मशाळेत मुक्कामाला आले, तेव्हा ती सव्वीसशे वीसवर होती. म्हणजे धर्मशाळा जागची न हलता साठ मीटर वर चढली होती.

सुनेने काचेवर नखाने टिचकी मारली. तळहाताएवढं ते पितळी यंत्र हवेचा दाब मोजायचं आणि त्यावरून उंची सांगायचं. हवा बिघडून दाब उतरला, की त्याला वाटायचं आपण डोंगर चढतोय. कॉलेजच्या प्रयोगशाळेने ते मोडीत काढलं, तेव्हा तिथे वीस वर्षं प्रयोगांची मांडामांड करणाऱ्या तिने ते मागून घेतलं होतं.

पाच वाजले होते. आकडा आणि वेळ तिने वहीत टिपली. पत्र्यावर पाऊस तसाच वाजत होता.

वाटाड्याने काल बजावलं होतं, "उद्या आठला खेचर बाहेर काढतो. चौथं देऊळ उद्याच दुपारी बंद होतं, ते सहा महिन्यांनी उघडतं. वर की खाली, ते एकानेच सांगायचं. दोघं बोलायला लागली की मी ऐकतच नाही, हा माझा नेम आहे."

सहा महिन्यांनी सासूबाईंचे गुडघे या वाटेवर येणार नव्हते. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, आणि गुडघ्यांनीही.

"खाली," नवरा पांघरुणातूनच म्हणाला. "पाऊस ऐकतेस ना? पण माझं काही नाही. आई म्हणेल तसं."

"मला मधे घेऊ नका," पलीकडच्या घोंगडीतून सासूबाईंचा आवाज आला. "वर म्हटलं तर म्हातारी हट्टी. खाली म्हटलं तर मरेपर्यंत मीच माझ्याशी भांडत बसेन."

"मग हिला विचारू?"

"मीटरबाईंना? विचार की. त्यांच्या चारशे पायऱ्या अजून माझ्या पोटऱ्यांत आहेत."

सुनेने वही मिटली. प्रत्येक देवळाच्या पायाशी उंचीचा आकडा कोरलेला दगड होता. तिथे पोचलं की सुई त्या आकड्याला लावून घ्यायची, एवढंच काम. दुसऱ्या देवळाशी घंटा वाजवायच्या गडबडीत ती नेमकं तेच विसरली. पुढचा चढ चढताना सुई बघून तिने जाहीर केलं, "आलंच! पाणी संपवून टाका." त्यानंतर चारशे पायऱ्या निघाल्या. सासूबाईंनी त्या एकूण एक मोठ्याने मोजल्या.

तेव्हापासून यंत्र तिच्या खिशात आणि जीभ टाळ्याला. तसंही घरात काही ठरवायची वेळ आली की 'तुम्ही म्हणाल तसं' हे तिचं पाठ उत्तर होतं. पडद्यांच्या रंगापासून मुलीच्या शाळेपर्यंत ते तिला पुरलं होतं.

साडेसहाला सुई सव्वीसशे बासष्टवर होती.

तिने डोळे मिटून उघडले आणि पुन्हा पाहिलं. बासष्टच. दाब वाढत होता, म्हणजे हवा सुधारत होती. पहाटेपासून सकाळपर्यंत दहा-पंधरा मीटरचा फरक रोजच पडतो, हे तिला माहीत होतं. वहीतले तीन दिवसांचे आकडे तेच सांगत होते. हा अठरा मीटरचा होता, तोही अर्ध्या वेळात. पण दोन आकड्यांवर बोलायचं नाही, तिसरा येऊ द्यायचा, असं ती प्रयोगशाळेतल्या मुलांना वर्षानुवर्षं सांगत आली होती. बाहेर तर पाऊस चालूच होता.

तिने बॅगा भरल्या. सोडल्या. पुन्हा भरल्या.

"अगं, काय चाललंय तुझं?" नवरा चहाचा पेला घेऊन उठून बसला. "मांजरासारखी येरझाऱ्या घालतेयस."

"काही नाही. आठ वाजू द्या."

"आठला काय होणार आहे?"

"तिसरा आकडा येणार आहे."

नवऱ्याने आईच्या घोंगडीकडे पाहिलं. घोंगडी हलली नाही.

आठला खेचराच्या गळ्यातली घंटा दारात वाजली. पाऊस बारीक झाला होता, पण धुकं इतकं दाट होतं की खेचराचं फक्त तोंड दिसत होतं. सुनेने यंत्र उंबऱ्याजवळ, उजेडात धरलं. टिचकी मारली. सुई थरथरली आणि थांबली.

सव्वीसशे चाळीस.

धर्मशाळा तीन तासांत चाळीस मीटर खाली आली होती. तिला मोठ्याने हसावंसं वाटलं.

"बोला," वाटाड्या म्हणाला. "याचं तोंड कुठे करू?"

नवऱ्याने आईकडे पाहिलं. सासूबाईंनी आढ्याकडे पाहिलं.

"माझं चुकलं तर?" सुनेने वाटाड्याला विचारलं.

"मधे निवारा आहे, ताई. तिथे हवा बघू. नाही पटली तर परत आणीन. पण आधी कुणीतरी काहीतरी म्हणेल का?"

सुनेने मागे वळून पाहिलं. सासूबाई घोंगडी बाजूला सारून खाटेच्या कडेला सरकत होत्या. पायांत बूट होते. नाड्यांना दुहेरी गाठी. त्या केव्हा बांधल्या, कोण जाणे. रात्रभर त्या बूट घालूनच झोपल्या असाव्यात.

"वर," सून म्हणाली. आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला, खेचराने कान टवकारले. "वर जायचं. आणि आई, या वेळी पायऱ्या मी मोजते."