पत्त्याचा रकाना

“लाल अक्षरं नकोत रे बाबा,” नर्मीन मॅडम म्हणाल्या. “‘पत्ता चालणार नाही’ म्हटलं की लोक भांडायला येतात. नुसतं लिही, ‘आभारी आहोत, कळवू.’ आणि अर्ज परस्पर कचऱ्यात.”

वजदीने मान डोलावली. कैरोतल्या एका महागड्या शाळेच्या प्रवेश-फॉर्मसाठी तो रकाने बनवत होता. नाव, फोन, पत्ता. प्रत्येकाची तपासणी त्याच्या पोटातच. एकदा बनवला की हव्या त्या फॉर्ममध्ये उचलून बसवायचा. फोनचा एक आकडा कमी पडला तरी रकाना हटकणार. पत्त्याचा रकाना मात्र हटकणार नव्हता. रेल्वेरुळांपलीकडच्या गल्ल्यांतली पोरं शाळेला नको होती आणि ते तोंडावर सांगायची हिंमतही नव्हती.

“रुळांपलीकडचं ते बुलाक, तेवढं नाव अडवलं की झालं ना?” शेजारच्या टेबलावरून शहीरने विचारलं.

“डोंबल!” वजदी हसला. “तिथलं कोण बुलाक लिहितंय? ‘दोक्कीचा विस्तार’ लिहितात. ‘विद्यापीठामागे’ लिहितात. एकेक नमुने आहेत!”

“तुला बरं ठाऊक रे!”

“रुळांअलीकडे, दोक्कीसारख्या बड्या वस्तीत वाढलोय. रोज बघतो ही सोंगं.”

वजदी दोक्कीत वाढला नव्हता. तो रुळांपलीकडे, भट्टीच्या गल्लीत जन्मला आणि अजून तिथेच आईबरोबर राहत होता. ऑफिसात हे कळतं, तर त्याला दारातसुद्धा कुणी उभं केलं नसतं. त्याला कायम करायचं की नाही, हे मॅडम आज ठरवणार होत्या. आणि कायम झाल्याशिवाय त्याच्या प्रेयसीचा, हयामचा बाप साखरपुड्याचं नाव काढू देत नव्हता.

म्हणून तो इरेला पेटला. गल्ल्या, दर्गे, फाटकं, लपवाछपवीची एकूण एक तऱ्हा त्याने रकान्याला शिकवली. शेवटी ‘विद्यापीठामागे’ उरलं. बहिणीला, इनासला, लेकीच्या अर्जात हेच शब्द लिहायला त्यानेच सांगितलं होतं. तरी त्याने ते टाकले.

दुपारी फॉर्म सुरू झाला आणि लगेच इनासचा फोन आला. “दादा, शाळेने आभार मानलेत! कळवतो म्हणाले! पोरगी नाचतेय नुसती. तू सांगितलंस तस्संच लिहिलं बघ.”

“बरं झालं गं,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. लाज वाटली त्याला, नाही असं नाही. पण चहा येईपर्यंत तीही ओसरली.

ऑफिस सुटायच्या वेळी मॅडम त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी वेगवेगळे पत्ते घालून पाहिले.

“शाबास! एकही निसटत नाही. रविवारपासून हाच रकाना आपल्या भरतीच्या फॉर्ममध्येही बसवू. नव्याने लागणारे, कायम होणारे, सगळ्यांनी भरायचा. मालकांची इच्छा आहे.”

वजदी घाबरला नाही. नोकरीच्या अर्जात त्याने लिहिलं होतं, ‘जुन्या रोपवाटिकेसमोर, दोक्की’. रोपवाटिका उठून जमाना झाला होता. भट्टीच्या गल्लीबाहेर ती कुणाला आठवतही नव्हती. तेवढी एक पळवाट त्याने स्वतःपुरती उघडी ठेवली होती.

“मग माझं पत्र, मॅडम?”

“तयार आहे. सही तेवढी राहिलीय.” मॅडमनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. “पण एक विसरलास बघ तू.”

आणि अडवायच्या पत्त्यांच्या यादीच्या तळाशी त्यांनी सावकाश टाइप केलं, ‘जुन्या रोपवाटिकेसमोर’.

वजदीने झटकन त्यांच्याकडे पाहिलं. “हे... हे तुम्हाला कुठून ठाऊक?”

“इथे लागताना मीही हेच लिहिलं होतं,” त्या हळूच म्हणाल्या. “आणि त्या गल्लीतलं एक माणूस या ऑफिसला पुरे आहे.”