माळढोक परतला

“हा पक्षी नाही,” सिद्धेश्वरीने वर्तमानपत्र टेबलावर आपटलं. “हे माझं शिल्प आहे.”

वनखात्याच्या कार्यालयात कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स फिरवत होतं. तो जागीच थांबला. पहिल्या पानावर मथळा होता, ‘माळढोक परतला’. खाली लांबून घेतलेला, जरा धूसर फोटो. पिवळं गवत आणि त्यात मान उंचावून उभा असलेला नर.

फोटो वनक्षेत्रपाल धम्मप्रिया बनसोडे यांनी काढला होता. त्या टेबलापलीकडेच बसल्या होत्या.

“बसा मॅडम. पाणी घ्या.”

“पाणी नको. सोमवारी संध्याकाळी मी स्वतः तो माळावर उभा केला. माझ्या दादाच्या पिकअपमधून नेला. आतून फायबर आहे, वरची पिसं आमच्या मागावर वाया गेलेल्या सुताची. हे बघा.”

तिने मोबाइल पुढे केला. तोच माळ, तीच बोरीची झुडपं, तशीच ताठ मान.

धम्मप्रियांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. “माझा फोटो गुरुवारी सकाळचा आहे. आणि तो चालत होता, मॅडम. माझ्यादेखत गवतात शिरला.”

“वाऱ्यानं हललं असेल.”

“इतकी वर्षं पक्षी बघतेय की मी.”

“इतक्या वर्षांत एक तरी वाचवलात?”

धम्मप्रियांनी मोबाइल तिच्याकडे परत सरकवला.

सोलापूरजवळचा, वैराग रस्त्याकडचा तो माळ सिद्धेश्वरी लहानपणापासून ओळखत होती. तिचे वडील, गुरुबसप्पा, स्कूटर कडेला लावून तिला बोटाने पक्षी दाखवायचे. ती मोठी होत गेली तसे पक्षी कमी होत गेले. मग दिसेनासेच झाले. कुणी हू की चू केलं नाही. आता तिथून उच्च दाबाच्या तारा जाणार होत्या. या जड पक्ष्याला समोरची तार वेळेवर दिसत नाही, हे सगळ्या साहेबांना ठाऊक होतं. तरी मनोरे उभे राहू लागले.

तिने वर्षभर खपून तो नर घडवला. ‘शेवटचा’ असं त्याचं नाव. रविवारी लोकांना माळावर न्यायचं आणि तारांच्या खाली तो एकटा दाखवायचा, असं ठरलं होतं. आणि आता ज्यांनी माळ मोकळा होऊ दिला, तेच तिच्या शिल्पावर पेढे वाटत होते!

धम्मप्रियांनी दार लोटून घेतलं. आवाज खाली आणला. “त्या एका फोटोवर मी तारांचं काम थांबवलंय. वरून सारखे फोन येतायत. थोडे दिवस गप्प राहाल? आसपास मादी असली तर...”

“खोट्यावर थांबवलेलं काम किती दिवस थांबणार? आणि पुढं कुणी खरं सांगितलं तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?”

दोघी माळावर गेल्या. बरोबर सिद्धेश्वरीचा भाऊ मल्लिनाथही होता. बोरीच्या झुडपांपाशी काहीच नव्हतं. शिल्प रोवण्यासाठी ठोकलेल्या सळईचं भोक तेवढं जमिनीत राहिलं होतं.

“लपवलंत ना?” सिद्धेश्वरी त्यांच्याकडे वळली. “मी येणार म्हटल्यावर उचललंत!”

“आमच्यापैकी कुणी हातसुद्धा लावलेला नाही,” धम्मप्रिया म्हणाल्या. “खरं सांगते, तुमचं शिल्प मी इथं बघितलंच नाही कधी.”

सिद्धेश्वरी हसली. इतकं धडधडीत खोटं तोंडावर बोलणारी बाई तिने पाहिली नव्हती.

परतताना पिकअपमध्ये मल्लिनाथ म्हणाला, “सिद्धू, दोन दिवस दम धर की. बाई तशी वाटत नाही.”

“दादा, चोराला कुणी चोर म्हणायचंच नाही का?”

दुसऱ्या दिवशी ती कॅमेऱ्यांसमोर बसली. एका हातात सोमवारचा फोटो, दुसऱ्या हातात गुरुवारचा. “हे खातं जिवंत पक्षी वाचवत नाही, आणि मेल्यावर त्याच्या पुतळ्याचं श्रेय घेतं,” ती म्हणाली. बोलताना तिचे डोळे भरून आले. ते खरेच भरून आले होते.

संध्याकाळपर्यंत सगळं सोलापूर हसत होतं. ‘सुताचा माळढोक अंडं कधी घालणार?’ मोबाइलवर विनोद फिरू लागले. खात्याने ‘निरीक्षणात चूक झाली’ असं कळवलं. कामावरची बंदी उठली. धम्मप्रियांची लांब बदली झाली. जाण्याआधी त्यांनी सिद्धेश्वरीला फोन केला होता. तिने तो उचलला नाही.

यंत्रं पुन्हा सुरू झाल्याचं कळताच सिद्धेश्वरी मल्लिनाथला घेऊन माळावर धावली. खातं खोटं होतं म्हणून तारा खऱ्या ठरत नव्हत्या. पण बोरीची झुडपं उपटून पडली होती. गवत खरवडून एका कडेला ढीग लावला होता. ती जेसीबीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“बंद करा! आधी मला चिरडा, मग पुढं जा!”

ठेकेदाराचा व्यवस्थापक राजशेखर हात जोडत बाहेर आला. अक्कलकोटकडचा माणूस. बोलणं मऊ, कानडी मिसळलेलं.

“बर्री अक्का, बर्री. उन्हात कशाला? आत या, चहा घ्या. तुमचे लई उपकार आहेत आमच्यावर.”

“मी तुमच्यासाठी काही केलेलं नाही!”

“या तर खरं. तुमची एक वस्तू आहे आमच्याकडं.”

पत्र्याच्या केबिनमध्ये गार हवा होती. कोपऱ्यात तिचा नर उभा होता. स्वच्छ पुसलेला, गळ्यात झेंडूचा हार. सिद्धेश्वरीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. एक पीसही निघालेलं नव्हतं.

“म्हणजे तुम्ही चोरलात?”

“चोरला कुठं, अक्का? सांभाळला,” राजशेखरने चहाचा कप तिच्या पुढे सरकवला. “सोमवारी तुमची गाडी वळली, आणि अंधार पडायच्या आत आमच्या माणसांनी हा इथं आणून ठेवला. तेव्हापासून जागचा हललेला नाही.”