तीनशे भाकऱ्या

दवाखान्यातल्या वजनकाट्यावर अठ्ठ्याहत्तरचा आकडा उमटला, तेव्हा महानंदाने श्वास रोखला. धाकट्या भावाला, सिद्रामला, मूत्रपिंड द्यायचे तर तीन महिन्यांत सहा किलो उतरवायचे होते. उलट दोन वाढले होते.

“मनगटावरचा पट्टा सांगेल तेवढंच जेवण घरातलं यंत्र ताटात वाढतं,” ती डॉक्टरांना म्हणाली. “त्याच्यावर एक घाससुद्धा घेतला नाही.”

डॉक्टरांनी पट्ट्यातली नोंद उघडली. “रोज अठरा हजार पावलं? कुठं चालता एवढं?”

“चालते कुठली? पोळी-भाकरी केंद्रात बसून भाकऱ्या थापते. दिवसाला तीनशे.”

डॉक्टरांनी तिच्या मनगटाकडे पाहिले. तिच्या हाताची प्रत्येक थाप पट्ट्याने पाऊल म्हणून मोजली होती, आणि न झालेल्या चालण्याचे अन्न यंत्र तिच्या ताटात इमानाने वाढत राहिले होते.

“पट्टा काढून ठेवा. जेवण आता मी लिहून देतो. शस्त्रक्रिया मात्र तीन महिने पुढे जाईल.”

बाहेर आल्यावर तिला सोबत आलेल्या भावाकडे पाहवेना. “माझ्यामुळं आणखी तीन महिने तुला डायलिसिसच्या सुया टोचून घ्याव्या लागणार.”

“घेईन की. जन्मात पहिल्यांदा पोटभर जेवलीस, अक्का. मला बघायला मिळालं.”

दाराशी विनाचालक रिक्षा उभी होती. महानंदा बसली नाही. पदर खोचून ती रस्त्याने चालू लागली. डायलिसिसने थकलेला सिद्राम आत टेकला आणि रिक्षाला हळूच म्हणाला, “अक्काच्या बरोबरीनं चल. पुढं जाऊ नकोस.”