पंचफुलाची गोधडी

तीन आठवडे फळ्यावर त्रिकोण काढून पुंडलिक गुरुजी थकले होते, पण चौथीच्या पोरांच्या डोक्यात काही शिरेना. शेवटी त्यांनी पंचफुलाला तिच्या मायनं शिवलेली गोधडी आणायला सांगितली. पंचफुला दोन वर्षांपूर्वी बौद्ध झालेल्या घरातली.

दुसऱ्या दिवशी वर्गात गोधडी अंथरली. जुन्या लुगड्यांचे चौकोन तिरपे कापून तिच्या मायनं त्रिकोण असे नेमके जोडले होते, की गुरुजीही घडीभर पाहत राहिले.

“या रे, एकेका त्रिकोणावर बोट ठेवून मोजा.”

पंचफुला आणि तिच्या वस्तीतली तीन पोरं पुढे झाली. बाकीची भिंतीला चिकटून उभी राहिली.

“गुर्जी, घरी कळलं तं माय मारंल मले,” पाटलांचा दिगंबर म्हणाला.

गुरुजींनी गोधडीवरच मांडी घातली आणि वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. कोणी हललं नाही. रागवायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

“बरं, तिथूनच मोजा.”

पोरांनी लांबूनच मोजले. सगळ्यांच्या पाट्यांवर बत्तीस, आणि बरोबर. दोन त्रिकोण मिळून चौकोन होतो, हे तर दिगंबरनं न विचारताच सांगितलं.

शाळा सुटल्यावर पंचफुला गोधडीची घडी घालू लागली. गुरुजींनी दुसरी टोकं धरली.

“गुर्जी, सगळ्यायले आलं ना?” तिनं आनंदानं विचारलं.

“भूमिती आली, बाई,” गुरुजी म्हणाले.