तिसऱ्या नळीतला फेस

टेबलावर काचेच्या तीन नळ्या उभ्या होत्या. पहिलीत डॉक्टरीणबाईंच्या स्वतःच्या कातडीचा कुटून काढलेला रस, दुसरीत भीमराजच्या मांडीवरच्या गाठीचा, तिसरीत त्याच्या बायकोच्या, प्रभावतीच्या, हातावरच्या कातडीचा.

सोळा वर्षं भीमराज चिंचवडच्या एका कारखान्यात लेथवर होता. हात पुसायचा तेलकट बोळा लेथवाले पँटच्या खिशातच कोंबतात. गाठ नेमकी त्या खिशाखाली उठली होती. कंपनीचा डॉक्टर म्हणाला, हे तेलाचं नाही, घरच्या खाण्यापिण्याचं. मग त्याच घरात जेवणाऱ्या प्रभावतीनं आपली चिमूटभर कातडी काढून दिली. तिची निरोगी निघाली की दोष तेलाचा, आणि भीमराजला लेथवरून काढून स्टोअरमध्ये बसवायचं, असं युनियननं कबूल करून घेतलं होतं.

“चांगल्या कातडीत एक एन्झाइम असतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हे जखम धुवायचं औषध पडलं की त्यानं फेस येतो. गाठीत ते कमी होतं.”

पहिली नळी फेसानं काठोकाठ भरली. दुसरीत चारदोन बुडबुडे आले. भीमराजला बरं वाटलं. स्वतःच्या आजाराचा आनंद मानायची पाळी आली होती.

तिसऱ्या नळीत थेंब पडले. एक बुडबुडा वर आला आणि फुटला.

“आणिक थोडं टाका की,” प्रभावती म्हणाली.

बाईंनी टाकलं. काही झालं नाही. त्यांनी नळीवरची चिठ्ठी दोनदा वाचली. मग प्रभावतीचा उजवा हात ओढून घेतला आणि नाकाशी नेला.

“यांचे कपडे कोण धुतं?”

“मीच. चोळल्याबिगर तेल निघत न्हाई.”

“किती वर्षं?”

“लगीन झाल्यापासनं.”

भीमराज टेबलाकडं सरकला. “मग तसं लिवा ना, बाई.”

“लिहीन. पण तुमच्या कंपनीचा डॉक्टर व्यवसायापुढं ‘घरकाम’ वाचेल, आणि दोन्ही नळ्या सारख्या निघाल्या हे वाचेल. पुढचं वाचणार नाही.”

प्रभावती आपल्या हातांकडे बघत राहिली. मग ते पदराखाली घेऊन उठली.

“चला,” ती नवऱ्याला म्हणाली. “सोमवारी पयली शिफ्ट हाय. पँट भिजत घालून आलेय.”