या आरशापासून त्या आरशापर्यंत

दसऱ्याच्या सकाळी रंभा हार घेऊन आली तेव्हा पार्किंगमधली नीताची जागा रिकामी होती.

झेंडूचा आणि आंब्याच्या पानांचा हार ओल्या फडक्यात गुंडाळलेला होता. रंभा तो दरवर्षी घरीच ओवायची, नीताच्या जुन्या व्हॅनच्या या आरशापासून त्या आरशापर्यंत पुरेल इतका लांब. मासळीची पाटी आज डोक्यावर नव्हती. सोबत नात होती, रिया, नव्या फ्रॉकमध्ये.

"गाडी कुठं हाय, नीताबाय?"

"सर्व्हिसिंगला दिलीय, मावशी." नीताच्या तोंडून निघून गेलं.

रंभाने हार या हातातून त्या हातात घेतला. "आज?"

समोरच्या गॅरेजचं शटर अर्धं उघडं होतं. आत पाने, पकडी, जॅक पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलेलं इथूनही दिसत होतं. आज हत्यारांचा दिवस. कोणी पाना हातात धरत नाही. रंभाच्या घरीही मासे कापायची विळी आज धुऊन देवापुढे ठेवलेली असणार. नीताला हे लहानपणापासून माहीत होतं.

"आजी, माझी गाडी कुठे?" रियाने विचारलं.

तिचीच होती ती. रंभाच्या लेकीला, संजनाला, कळा सुरू झाल्या तेव्हा तिला दवाखान्यात नेणारी व्हॅन नीता चालवत होती. गव्हाण फाट्याला कंटेनरच्या ट्रेलरांची रांग जागची हलेना. शेवटी रंभाने सरकतं दार ओढून घेतलं आणि मागच्या सीटवर रियाला हातात घेतलं. तेव्हापासून दर दसऱ्याला ती नातीला इथे आणायची, व्हॅनला हार घालायची आणि म्हणायची, "पाया पड. तुजी दुसरी आई हाय ती."

"काय गाडी व्हती!" रंभा आता नीताकडे न बघता बोलत होती. "माज्या पाटीतलं बर्फाचं पानी सांडलं, म्हावऱ्याचा वास बसला, पन कदी अडून बसली नाय. आन् इंजिन सीटखाली. थंडीत बूड शेकायला शेगडी नको."

ती हसली. नीताही हसली, जरा उशिराच. 'व्हती' हा शब्द तिच्या कानात राहिला.

गेल्या आठवड्यात भंगारवाल्याची क्रेन आली तेव्हा नीता खाली उतरली नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. पुढची चाकं उचलली गेली तसं सरकतं दार आपसूक मागे गेलं आणि उघडंच राहिलं. रंभाला फोन करावा असं मनात आलं होतं. मग वाटलं, दसऱ्याला येईलच, तेव्हा समोर सांगू.

"मावशी, खरं सांगायचं तर..."

रंभाने एकदा नातीकडे पाहिलं आणि नीताकडे बघून मान हलवली. नको.

"कामाला गेलीय तुजी गाडी," ती रियाला म्हणाली. "कुनाला तरी नड आसंल."

"दसऱ्याला पण?"

"तिला कसला दसरा! तुज्या वेळंला काय वार बघून धावलती?"

रियाला ते पटलं. तिने रिकाम्या जागेकडे पाहिलं. सिमेंटच्या जमिनीवर व्हॅनच्या तेलाचा काळा डाग होता. आज येणाऱ्या नव्या गाडीखाली बरा दिसत नाही म्हणून नीताने काल त्यावर धुण्याचा सोडा टाकून ब्रश घासला होता. सिमेंटमध्ये मुरलेलं तेल असं निघत नाही, हे तिच्यासारख्या, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. तरी ती घासत राहिली होती. कडा तेवढ्या पांढुरक्या झाल्या. मधला भाग तसाच राहिला.

रियाने आजीच्या हातून हार घेतला, डागाभोवती नीट गोल मांडला. चपला काढल्या. वाकून डागाला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

फाटकाशी हॉर्न वाजला. नीताचा नवरा प्रदीप देवळातून नव्या गाडीची पूजा करून आला होता. सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. बायकोला पाहून त्याने काचेतून हात बाहेर काढला आणि बाजूला व्हायची खूण केली.

"उचल गं हार," रंभा म्हणाली. "त्यांची गाडी आली."

रियाने हार उचलला नाही. तिने फाटकाकडे पाहिलं, मग नीताकडे.

"काकू, मग माझी परत आल्यावर कुठे उभी राहील?"

हॉर्न पुन्हा वाजला. नीता हाराच्या कडेला उभी होती. तिला बाजूला होता येईना.